ठेवायचे काय, टाकायचे काय?



दिवाळीची सुट्टी लागली की मुलांच्या मागे घरोघरी एकच धोशा असतो, "तुझा पसारा आवर." आपल्या धर्मग्रामातील चौथीतल्या एका मुलाने यंदा ते फारच मनावर घेतले. त्याच्या आईच्या परवानगीने हे लिहीत आहे.

तीन दिवस खोलीभर खेळणी मांडलेली होती. बुटांचे खोके आणि बिस्किटांचे डबे गोळा करून त्याने गाड्या, प्राणी, सोंगट्या वेगवेगळ्या लावल्या. चांगली खेळणी धाकट्या चुलत भावंडांना देऊन टाकली. मोडक्यांचा एक खोका मात्र ठेवून घेतला. चाकाला तार गुंडाळलेला ट्रक, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून चालती केलेली बस. वाळूजहून कामावरून आल्यावर वडिलांनी ती दुरुस्त केली होती. ते वडील आज हयात नाहीत. खोक्यावर मुलाने लिहिले, 'पप्पांनी केलेली.' ते वाचून आई रडली. शेजारच्या बाईंनी सल्ला दिला, "हे सगळे नजरेआड करा, म्हणजे पोर विसरेल."

सल्ला चांगल्या मनाने दिला होता. पण मुलाने वडिलांना विसरावे, हे खरोखर त्याच्या भल्याचे आहे का?

इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे संत मोनिका वारल्या, तेव्हा नातू आदेओदातुस मोठ्याने रडू लागला. मोठ्यांनी त्याला गप्प केले. संत ऑगस्टीन यांनी स्वतःचेही अश्रू दाबून धरले. पण पुढे एकांतात देवासमोर ते आईसाठी रडले आणि तेव्हाच मन हलके झाले, असे त्यांनीच 'कबुलीजबाब' या ग्रंथात लिहिले आहे. मोठी माणसे दुःख लपवतात, मूल ते उघड करते. त्यात मूलच अनेकदा सत्याच्या अधिक जवळ असते. शांतीचा विचार करतानाही याच संतांनी सुव्यवस्थेवर भर दिला, म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिची योग्य जागा देणे. त्या मुलाने दुःख फेकले नाही, घरभर पसरूही दिले नाही. त्याला एक जागा दिली.

कोणी विचारेल, वस्तूंचा मोह धरू नये अशी प्रभूची शिकवण आहे ना? आहेच. मोठी कोठारे बांधणाऱ्या धनवानाचा दाखला आपण जाणतो. त्याने सारे स्वतःसाठी साठवले. याउलट पुण्याचे दिनकर केळकर पाहा. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वापरातल्या हजारो जुन्या वस्तू जमवल्या, १९६२ साली संग्रहालय उभारले, त्याला मुलाचे नाव दिले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. संग्रह दोघांचाही होता, पण एकाची मूठ मिटली, दुसऱ्याचा हात उघडला.

हीच कसोटी आपण लावावी. बाजाराच्या हिशेबाने या मुलाचा व्यवहार उलटा आहे, कारण चांगले दिले आणि मोडके ठेवले. पण वस्तूची किंमत तिच्यामागच्या हातावर असते, हे त्याला न शिकवता कळले. "आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख" ही आज्ञा आईबाप गेल्यावर संपत नाही.

नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा महिना आहे. दफनभूमीत जाताना मुलांना सोबत न्या. मेणबत्ती त्यांच्या हातून लावा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्या, आजीआजोबांच्या गोष्टी सांगा. डोळ्यांत पाणी आले तर त्यांना दिसू द्या. आपल्या मृतांची नावे मिस्सासाठी धर्मग्राम कार्यालयात लिहून द्या. आपला देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझे स्मरण ठेवा, एवढीच मोनिकांची मुलांकडे मागणी होती.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू