पहिला क्रमांक कोणाचा? साठच्या दशकातील अल्बम आणि मूल्यनिर्णयाचा प्रश्न

कलाकृतींची तुलना करणे आणि त्यांना क्रमांक देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत की एकाच क्रियेच्या दोन पायऱ्या, हा सौंदर्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. काव्य किंवा चित्रकला यांच्या बाबतीत तो हाताळताना अभ्यासक बिचकतात. इंग्लंड-अमेरिकेतील साठच्या दशकातल्या रॉक आणि पॉप अल्बमांच्या बाबतीत मात्र, त्याचे उत्तर केव्हाच मिळून गेले आहे अशा थाटात, पहिल्यापासून पाचशेव्यापर्यंत क्रम लावले जातात. अल्बम म्हणजे एका तबकडीवर एकत्र आणलेल्या गाण्यांचा संच. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली, तरी पुढची पंधरा-एक वर्षे पॉप संगीतात तिचा उपयोग बहुधा गाजलेल्या एक-दोन गाण्यांभोवती भरतीची गाणी जमवण्यासाठीच होत राहिला. १९६५-६६ च्या सुमारास ती सलग ऐकण्याची एक कृती मानली जाऊ लागली आणि मगच तिच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न अर्थपूर्ण झाला.

या क्रमवारीची अस्थिरता लपून राहण्याजोगी नाही. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ मध्ये संगीतकार, समीक्षक आणि व्यवसायातील जाणकार यांची मते घेऊन पाचशे अल्बमांची जी यादी केली, तिच्यात पहिले पाचही अल्बम साठच्या दशकातले होते: बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’, बीटल्सचाच ‘रिव्हॉल्व्हर’, बॉब डिलनचा ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ आणि पुन्हा बीटल्सचा ‘रबर सोल’. २०२० मध्ये नव्या मतदारांसह हीच यादी नव्याने झाली, तेव्हा ‘पेट साउंड्स’ दुसऱ्या क्रमांकावर टिकला, ‘रिव्हॉल्व्हर’ अकराव्यावर गेला आणि ‘सार्जंट पेपर’ची पहिल्यावरून चोविसाव्या क्रमांकावर घसरण झाली. मूळ ध्वनिमुद्रणातला एक स्वरही बदललेला नसताना त्याची श्रेष्ठता तेवीस पायऱ्या खाली कशी आली, या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे, की श्रेष्ठता नावाची वस्तूच नाही, आहे ती केवळ ज्याची त्याची आवड. दुसरे असे, की खरा क्रम आहेच, फक्त एक यादी चुकली आणि दुसरी बरोबर आली.

पहिले उत्तर वरकरणी उदार असले तरी एका उदाहरणापुढे टिकत नाही. ‘सार्जंट पेपर’ १९६७ च्या उन्हाळ्यात आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स या बँडने ‘देअर सॅटनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’ हा अल्बम काढला, ज्याच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र घेणारा मायकेल कूपरही तोच, चित्रविचित्र वेशभूषाही तीच, आणि आरंभीच्या गाण्याचे पुढे पुन्हा डोकावणेही तसेच. दोन्हींत गोंगाट आहे, पण ‘सार्जंट पेपर’च्या शेवटच्या गाण्यात तो येतो तो चोवीस बार, म्हणजे ठरावीक मात्रांची चोवीस आवर्तने, आधी मुद्दाम मोकळी ठेवून त्यांत चाळीस वादकांचा वाद्यवृंद खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढवत नेऊन, त्यामुळे त्या गोंगाटाला गाण्यात एक जागा आणि एक काम आहे, उलट स्टोन्सच्या अल्बममधील आठ मिनिटांहून लांबलेले सामूहिक वादन कोठूनही सुरू होते, कोठेही थांबू शकते, आणि म्हणूनच ते थांबल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. त्या बँडच्या प्रमुखांनीही पुढे या अल्बमची फारशी भलामण केली नाही. जो ‘सगळी आवडच’ असे म्हणतो, त्याला या दोहोंत काहीच अधिक-उणे नाही असेही म्हणावे लागेल, आणि दोन्ही तबकड्या खरोखर ऐकलेला माणूस तसे म्हणत नाही.

दुसऱ्या उत्तराचा सर्वांत समंजस पुरस्कर्ता तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम हा होय. सौंदर्य हा वस्तूतील गुण नसून आस्वादकाच्या मनातील भाव आहे, हे मान्य करूनही १७५७ मधील अभिरुचीच्या निकषावरील आपल्या निबंधात त्याने काही आस्वादकांचा कौल इतरांपेक्षा अधिक ग्राह्य मानला: ज्यांची संवेदना सूक्ष्म आहे, जी सरावाने घडली आहे, तुलनेने पारखली गेली आहे, ज्यांची विवेकबुद्धी शाबूत आहे आणि जे पूर्वग्रहापासून मुक्त आहेत. भारतीय काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने वर्णिलेला सहृदय, म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन वर्ण्य विषयाशी तन्मय होण्यास योग्य झाले आहे असा रसिक, याच जातकुळीचा आहे. फरक असा, की सहृदयाकडून रसास्वादाची अपेक्षा आहे आणि ह्यूमच्या मर्मज्ञाकडून त्यापुढे जाऊन निवाड्याची. मात्र निवाडा देणारे एकमताने एकच क्रम लावतील असे खुद्द ह्यूमलाही वाटत नव्हते. विशीत ओव्हिड, चाळिशीत होरेस आणि पन्नाशीत टॅसिटस हे रोमन लेखक प्रिय वाटणे यांत कोणाचा दोष नाही, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. क्रमवारी करणाऱ्यांच्या वाचनातून नेमका हा परिच्छेद सुटतो.

प्रश्नाचा गाभा ‘पेट साउंड्स’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ शेजारी ठेवले की दिसतो. दोन्ही १९६६ चे, पहिला मे महिन्यातला, दुसरा ऑगस्टमधला. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची रचनातत्त्वे म्हणून संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन अंगे सांगितली आहेत. एकमेकांशी साम्य राखणाऱ्या घटकांतून उभी राहणारी लय ती संवादलय आणि भेदातून उभी राहणारी ती विरोधलय, अशी ती ढोबळपणे समजून घेता येते. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने रचलेला ‘पेट साउंड्स’ जवळजवळ आद्यंत संवादलयीवर उभा आहे. एका तरुणाच्या प्रेमाचा आणि एकटेपणाचा एकच भाव गाण्यागणिक थोडा अधिक खोल होत जातो, आणि सायकलचा भोंगा किंवा थेट छेडलेल्या पियानोच्या तारा यांसारखे विलक्षण ध्वनीही त्या भावात विरघळून जातात. ‘गॉड ओन्ली नोज’ या गाण्यात बास गिटार अनेकदा स्वरसंघातील मूळ स्वर टाळून दुसऱ्याच स्वरावर उभी राहते, त्यामुळे गाण्याचा षड्ज नेमका कोणता हे पक्के होत नाही आणि शब्दांतील निष्ठेखाली एक भीती सतत वाहत राहते.

‘रिव्हॉल्व्हर’ याच्या अगदी उलट आहे. गिटार आणि ड्रम पूर्णपणे बाजूला सारून आठ तंतुवाद्यांवर उभे केलेले ‘एलनॉर रिग्बी’, त्यानंतर एका गाण्याच्या अंतराने सतार आणि अनिल भागवत यांचा तबला असलेले ‘लव्ह यू टू’, लगेच मृदू स्वरमेळाचे प्रेमगीत, त्याला लागून मुलांनी गुणगुणावे असे ‘यलो सबमरीन’, आणि अगदी शेवटी एकाच स्वरसंघावर तंबोऱ्यासारखे ठाण मांडून बसलेले, फिरत्या ध्वनिफितींच्या चीत्कारांनी भरलेले ‘टुमॉरो नेव्हर नोज’. प्रत्येक गाणे आधीच्या गाण्याला छेद देते आणि त्या छेदांतूनच संपूर्ण अल्बमला घाट येतो. एकात जे श्रेष्ठत्वाचे कारण आहे ते दुसऱ्यात आणले तर दोष ठरेल, आणि संवादलयीचे इतके माप म्हणजे विरोधलयीचे तितके, असे कोष्टक मर्ढेकरांच्या किंवा अन्य कोणाच्याही सिद्धान्तात नाही.

मग दोन्ही समान मानावेत काय? हा मार्गही बंद आहे, आणि तो का बंद आहे हे दाखवणारी युक्ती जोसेफ रॅझ आणि रूथ चँग या समकालीन तत्त्वज्ञांच्या लेखनात आढळते. ‘पेट साउंड्स’च्या पहिल्या बाजूच्या शेवटी ‘स्लूप जॉन बी’ हे बहामा बेटांवरील लोकगीताचे रूपांतर आहे, जे आधी स्वतंत्र तबकडी म्हणून गाजले होते आणि अल्बमच्या अंतर्मुख भावाशी ज्याचा सांधा नीट जुळत नाही, अशी तक्रार या अल्बमचे चाहतेही करतात. ते गाणे वगळले असते तर अल्बम किंचित अधिक एकसंध झाला असता, असे धरून चालू. आता मूळ ‘पेट साउंड्स’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ तंतोतंत समान असतील, तर हा किंचित सुधारलेला ‘पेट साउंड्स’ ‘रिव्हॉल्व्हर’हून श्रेष्ठ ठरला पाहिजे, कारण समतोल तराजूत एका पारड्यात गुंज टाकली तरी काटा हलतो. परंतु जो श्रोता आधी निर्णय देऊ शकत नव्हता, तो एक गाणे गाळल्याने निर्णय देऊ लागत नाही. म्हणजे हे दोन अल्बम परस्परांहून श्रेष्ठ नाहीत, कनिष्ठ नाहीत आणि समानही नाहीत. रॅझच्या मते अशा ठिकाणी तुलनाच संपते. चँग मात्र श्रेष्ठ, कनिष्ठ आणि समान यांखेरीज समकक्षता हा चौथा संबंध मानते, ज्यात तुलना शक्य असते, अर्थपूर्णही असते, पण तिचे फलित एका रेषेवर मांडता येत नाही. चँगचे मत येथे अधिक ग्राह्य आहे, कारण हे दोन्ही अल्बम ‘सॅटनिक मॅजेस्टीज’पेक्षा श्रेष्ठ आहेत हे ज्या कारणांनी सांगता येते, ती कारणे या दोहोंना परस्परांसमोर ठेवल्याबरोबर नाहीशी होत नाहीत.

अनेकांचे क्रम एकत्र केल्याने ही उणीव भरून निघत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर व्यक्तींच्या क्रमांतून समूहाचा सुसंगत क्रम काढणारी, आणि त्याच वेळी काही अगदी माफक अटी पाळणारी, कोणतीही पद्धत असू शकत नाही. प्रत्येक स्थानाला गुण देऊन बेरीज करण्याच्या रूढ पद्धतीत तर दोन अल्बमांचा आपसांतला क्रम तिसरा अल्बम मधे आल्यामुळे उलटू शकतो.

त्यातही ज्याला क्रमांक दिला ती वस्तू कोणती, हेही नेहमी स्पष्ट नसते. १९६६ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये चौदा नव्हे तर अकराच गाणी होती, कारण कॅपिटल कंपनीने जॉन लेननची तीन गाणी आधीच दुसऱ्या तबकडीवर घातली होती, आणि ब्रायन विल्सनला ज्या ‘रबर सोल’ने ‘पेट साउंड्स’साठी चेतवले तोही ब्रिटिश आवृत्तीहून काही वेगळी गाणी असलेला अमेरिकन ‘रबर सोल’ होता. विल्सनने ज्यात एकसंधता ऐकली, ती काही अंशी कंपनीच्या कात्रीने निर्माण केली होती.

तरीही सगळ्याच स्थानबदलांना लहरी म्हणता येत नाही. अरेथा फ्रँकलिनचा ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ हा अल्बम २००३ च्या यादीत ८३ वा होता आणि २०२० मध्ये तेरावा झाला. रॉक बँडचा अल्बम हाच अल्बमचा आदर्श नमुना, हा पूर्वग्रह सैल झाल्याचा तो परिणाम आहे, आणि पूर्वग्रहमुक्ती ही ह्यूमचीच अट असल्यामुळे मतदारमंडळ या एका बाबतीत सुधारले असे म्हणणे रास्त आहे. ‘सार्जंट पेपर’च्या घसरणीला असे समर्थन देता येत नाही.

अरेथाचा हा अल्बम १९६७ च्या मार्चमध्ये आला. त्याच महिन्यात आलेला ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ तेव्हा बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १७१ च्या वर चढू शकला नव्हता. २०२० च्या क्रमवारीत तो २३ वा आहे. तेरा आणि तेवीस यांमधील दहा आकड्यांत काय भरलेले आहे, हे कोणी सांगू शकणार नाही. या दोहोंविषयी जे सांगता येते ते निराळेच आहे: अरेथाच्या गाण्यांत वादकांचा ठेका पक्का राहतो आणि वडिलांच्या चर्चमध्ये घडलेला तिचा आवाज त्याच्यामागे रेंगाळून, मग एकदम पुढे झेपावून, शब्दाला अधिकार मिळवून देतो, व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या ‘हेरॉइन’मध्ये आवाज जवळजवळ निर्विकार असतो आणि ठेकाच भरधाव धावतो, मंदावतो, मधेच ड्रम पूर्ण थांबतात, तरी जॉन केलचा व्हायोला आपला स्वर धरून कर्कशपणे घुमत राहतो.