सहाजणांची चार माणसे

वाईला कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. गेल्या चैत्रात तिच्या मुलाने लंडनची पाच वर्षांच्या मुदतीची नोकरी पत्करली आणि निघण्यापूर्वी मला ओसरीवर बसवून, वकिलाला विचारण्याजोगा नव्हता म्हणूनच बहुधा मामाच्या वाट्याला आलेला, एक प्रश्न विचारला : "मामा, आईला मागे ठेवून बायकामुलांना घेऊन जाणे हा अधर्म होईल का हो?" बायको, बारा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचे जुळे मुलगे, दहा महिन्यांचे तान्हे, आई, आणि वैधव्यानंतर तीस वर्षे याच घरात राहिलेली आत्या, असा त्याच्यासकट आठ माणसांचा तो संसार. मी तेव्हा पानाचा डबा पुढे ओढला आणि उत्तर टाळले. पुढे ते टाळलेले उत्तरच माझ्या मागे लागले.

ब्रिटिश सरकारच्या दफ्तरी, कुशल कामगाराला मिळणाऱ्या परवान्यापुरती, कुटुंबाची व्याख्या फार आटोपशीर आहे : जोडीदार आणि अठरा वर्षांखालील मुले. आईचा तीत समावेश नाही, मग आत्येचा कोठून असणार? जे जाऊ शकतात त्यांच्यासाठी तिथल्या सरकारी वैद्यकसेवेपोटी आगाऊ अधिभार भरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तो प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड असा आहे. दोन मोठी, चार लहान, पाच वर्षे, असा हिशेब भाच्याने वहीत मांडला तेव्हा बेरीज २५,८७० पौंडांवर गेली, आणि घरभाड्याचा तगादा तर अजून सुरूही व्हायचा होता.

घर मिळाले ते टूटिंगमध्ये, थेम्सच्या दक्षिणेला. निजायच्या दोन खोल्या आणि बैठकीची एक. एवढ्यात सहा माणसे मावतात की नाही याचे उत्तर इंग्लंडात कायद्याने देऊन ठेवले आहे. मूळ १९३५ चा आणि १९८५ च्या गृहकायद्यात जसाच्या तसा उतरलेला तो दंडक असा, की एका खोलीत दोन, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच माणसांनी निजावे. बैठकीची खोलीही निजण्याजोगी धरावी, पन्नास चौरस फुटांहून लहान खोली मात्र खोलीच समजू नये. इथवर कोणाही मामलेदाराला सुचेल असे आहे. पण पुढे कायदा म्हणतो, की एक वर्षाखालचे मूल मोजूच नये आणि एक ते दहा वर्षांमधले मूल अर्धे मोजावे. त्या मापाने भाच्याचे जुळे मिळून एक माणूस झाले, तान्हे शून्यात गेले, आणि सहाजणांची चार माणसे होऊन घर कायद्याने प्रशस्त ठरले. (अधिभार भरताना तेच तान्हे पुरते मूल होते, हे सूनबाईने हसत हसत लक्षात आणून दिले.) आई आणि आत्या आल्या असत्या तर मात्र बेरीज सहावर जाऊन तेच घर कायद्याच्या भाषेत खच्चून भरलेले ठरले असते.

माणसाला अर्धे म्हणणाऱ्या या कायद्याला मी हसलो खरा. पण ते हसू फार टिकले नाही, कारण आमच्या धर्मशास्त्रानेही माणसे अशीच अपूर्णांकांत मोजली होती. दात येण्यापूर्वी गेलेल्या बाळाचे, चौलापूर्वी गेलेल्या मुलाचे आणि मुंज झालेल्या मुलाचे सुतक सारखे नसे. लग्न होऊन गेलेल्या लेकीचे तर माहेरी आणखीच निराळे. इंग्रजांनी माणूस निजताना मोजला आणि आम्ही तो मेल्यावर मोजला, एवढाच काय तो भेद. तेव्हा त्यांची मोजणी यांत्रिक आणि आमची आत्मीय, असा गर्व बाळगून या प्रश्नाकडे जाण्याची सोय मला राहिली नाही.

गर्दीचा प्रश्न मी तर सरळ बाजूलाच ठेवतो. मुंबईत सरकारच्याच विकास खात्याने १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. विलायतेच्या त्या कायद्याने तीत दोघांनी राहावे. तीत आईबाप, भावंडे, गावाहून गिरणीत लागायला आलेला चुलतभाऊ आणि बाळंतपणासाठी आलेली बहीण अशी बिऱ्हाडे दोन-दोन पिढ्या नांदली, आणि तेवढ्यामुळे ती धर्मभ्रष्ट झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्या जगण्यातील हाल मला ठाऊक आहेत आणि त्यांचे गोडवे गाणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण गृहस्थाश्रमाला क्षेत्रफळाची अट नाही, हे त्या खोल्यांनी निर्विवाद दाखवले.

समुद्राचा प्रश्नही तसाच. समुद्रयान कलिवर्ज्यांत घालून शास्त्रकारांनी ते निषिद्ध ठरवले होते खरे. पण १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज माधोसिंह लंडनला निघाले तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' ही आगबोट सबंध भाड्याने घेतली, तिच्यावर देव बसवले आणि माणसाएवढ्या उंच चांदीच्या कुंभांत गंगाजल भरून बरोबर नेले. ते कुंभ आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. ज्याच्या खजिन्यात एवढी चांदी आहे त्याला समुद्र बाटवू शकत नाही, हा त्याचा इत्यर्थ मला थोडा खोडसाळपणाने काढावासा वाटतो.

गंगाजल नेता येते. अंगण नेता येत नाही. वैश्वदेव आटोपल्यावर गृहस्थाने अंगणात उभे राहून, गाय दोहायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, असे पुराणांनी सांगितले आहे. त्या आज्ञेत मला नेहमी नवल वाटत आले आहे ते या गोष्टीचे, की तिने घराची व्याख्या आत कोण आहे यावरून न करता, अजून कोण यायचे आहे यावरून केली. देव, पितर, भूतमात्र आणि आगंतुक माणूस यांचा रोजच्या अन्नात वाटा काढणाऱ्या पंचमहायज्ञांचा आशयही तोच. (कावळ्याची चिंता नको; लंडनला कावळे पुष्कळ, आणि तिथल्या जुन्या किल्ल्यात तर, ते गेले तर राज्य जाईल या समजुतीने, किमान सहा डोमकावळे पोसले जातात.) अशा घरात आई बाहेर आणि वाट पाहणाराच परागंदा, ही खरी अडचण आहे.

आईला पुढे कधी नेता येईल का, याचीही तजवीज भाच्याने पाहून ठेवली होती. तिथे कायमचा झालेल्या मुलाला वृद्ध आईसाठी अर्ज करण्याची मुभा आहे; पण २०१२ च्या जुलैपासून अट अशी, की नाहणे, कपडे घालणे, स्वयंपाक करणे अशा नित्याच्या गोष्टींतही ती पराधीन झालेली असावी, आणि मुलाने पैसे पाठवूनसुद्धा लागणारी शुश्रूषा तिला स्वदेशी मिळू नये. शिवाय सरकारवर भार न टाकता तिला पोसण्याची ऐपत मुलाला असावी. म्हणजे ज्या ऐपतीने तो तिला नेऊ शकेल, त्याच ऐपतीने तो तिला वाईत बाई ठेवून देऊ शकेल, आणि बाई मिळाली की अर्ज नामंजूर.

ही शर्त क्रूर आहे असे मी म्हणणार होतो. पण अधिक विचार केल्यावर मला तिच्यातली खोट क्रौर्याची वाटेना, तर शब्दाची वाटू लागली. कायदा आईला मुलाची आश्रित धरून चालतो, आणि भाच्याच्या प्रश्नातही, त्याच्या नकळत, तेच गृहीत होते. वस्तुतः त्या घरात आश्रय कोण आणि आश्रित कोण? जुळ्यांना सांजवेळी शुभंकरोति कोणी शिकवली, आत्येला तीस वर्षे कोणाच्या शब्दावर या घरात मान मिळाला, सूनबाई कचेरीत जाऊ लागली ती कोणाच्या भरवशावर? शास्त्राने नातवंडाचे मुख पाहिल्यावर गृहस्थाने वनात जावे अशी कल्पना केली होती. म्हाताऱ्याने घर सोडावे हे त्याला सुचले होते. घराने म्हाताऱ्याला सोडून जावे हे मात्र त्याला सुचले नाही, म्हणून त्याचे प्रायश्चित्तही कोणत्या पोथीत सापडणार नाही. मुलगा आईला टाकून गेला, असे मी म्हणत नाही. तो आपला आधार मागे ठेवून गेला, आणि त्याला कीव यायला हवी होती ती स्वतःची. हे मी त्याला पुढे पत्राने कळवले.

बहिणीने कुलदैवताचे जुने टाक दिले नाहीत. सोनाराकडून नवे घडवून घेतले, देवाला लावून मुलाच्या हवाली केले, आणि म्हणाली, "जुने इथेच राहतील. घर वेगळे झालेले नाही, लांबले आहे."

भाद्रपदात टूटिंगहून फोन आला. गणपती बैठकीच्या खोलीत बसले होते आणि संकल्पापाशी गाडी अडली होती. आपल्याकडे म्हणतात तसे गोदावरीचे तीर सांगावे की थेम्सचे, हा त्याचा प्रश्न. फोन बहिणीच्या हातात होता. ती म्हणाली, "ज्या नदीकाठी बसला आहेस तिचे नाव घे रे. खोली भाड्याची आहे आणि आत किती माणसे आहेत, हे काही संकल्पात सांगावे लागत नाही."