उपटण्याची घाई



गेल्या वर्षी सुट्टीत आम्ही आपल्याच धर्मग्रामातील, पण नोकरीनिमित्त इंग्लंडला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे चार दिवस राहिलो. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची मोठी टाकी आहे. तिच्यातल्या एका खडकावर प्रवाळांची वसाहत फुललेली होती. करंगळीच्या नखाएवढी, हिरवी-केशरी, बटणांसारखी शेकडो तोंडे! शास्त्रात यांना झोअँथिड म्हणतात. दगडी प्रवाळांचे हे चुलतभाऊच.

घरचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, “फादर, याला कीड लागलीय.” त्याने बोट दाखवले. बटणांच्या फटीतून एक तपकिरी, नाजूक समुद्रफूल डोलत होते. त्याचे नाव एप्टेसिया. बाहेरून आणलेल्या खडकाच्या भेगेत लपून ते टाकीत येते, झपाट्याने वाढते आणि आपल्या डंखाने शेजारच्या प्रवाळांना मिटायला लावते. मुलाने आधी ते चिमट्याने ओरबाडून काढले होते. काही आठवड्यांत एकाच्या जागी सात उगवली! कारण या जीवाच्या तळव्याचा बारीकसा तुकडा जरी खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवे समुद्रफूल तयार होते.

आता तो शहाणा झाला होता. हातमोजे घालून, पंप बंद करून, सिरिंजने तो एकेका समुद्रफुलाच्या तोंडावर चुन्याचा दाट लगदा अलगद सोडत होता. एका वेळी दोन-चारच. चुना जास्त झाला तर पाणी बिघडून सगळ्याच जीवांना धोका. काम करता करता त्याने सहज विचारले, “फादर, यांना मारणे हे पाप आहे का?”

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तरी उत्तर चटकन सुचले नाही.

संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, जे जे अस्तित्वात आहे ते तेवढ्यापुरते चांगलेच आहे. वाईटाला स्वतःचे वेगळे अस्तित्व नाही. जिथे चांगले असायला हवे तिथे ते नसणे, म्हणजे वाईट. मग कीड कशाला म्हणायचे? समुद्रात एप्टेसियाला खाणारे जीव असतात, त्यामुळे ते आपल्या मर्यादेत राहते. आपण त्याला काचेच्या पेटीत आणले, तिथे त्याला शत्रू उरला नाही, म्हणून ते माजले. हाच जीव शास्त्रज्ञ प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवतात. दगडी प्रवाळांप्रमाणेच त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे का पडतात, याचा अभ्यास त्याच्यावर करता येतो. २०१५ साली त्याचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. उलट, ज्या सुंदर बटणांना आपण जपतो, त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ते हातमोजे मुख्यतः त्यासाठीच!

म्हणून आम्ही मुलाला सांगितले, “काढ. ज्याने टाकी मांडली, त्याच्यावर तिच्यातल्या प्रवाळांची जबाबदारी आहे. पण रागाने काढू नकोस. तो जीव वाईट नाही, फक्त इथे त्याची जागा नाही. आणि तू आणलेल्या खडकातूनच तो आला, हेही विसरू नकोस.”

उत्तर देऊन झाले, पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील गायनवृंदातला एक तरुण आठवत राहिला. तो उशिरा यायचा, उलट बोलायचा. एका रविवारी मिस्सानंतर आम्ही त्याला सर्वांसमक्ष काढून टाकले. “ही कीड एकदाची गेली,” असे आम्हीच म्हणालो. प्रश्न मिटला असे वाटले. महिन्याभरात आणखी चार गायकांनी येणे सोडले, दोन घरांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले. जो कडवटपणा एका बाकावर होता, तो पाच घरांत रुजला. त्या मुलाची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचे सगळे तोच करत होता, हे आम्हाला नंतर समजले. आधी विचारले असते तर आधी समजले असते.

गव्हातील निदणाच्या दाखल्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली आहेत. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल म्हणून शेताचा धनी चाकरांना थांबवतो. चूक दिसली तरी गप्प बसा, असा याचा अर्थ नाही. आईबापांनी मुलांना वळण लावायलाच हवे, धर्मगुरूलाही कधी कठोर व्हावे लागते. पण चूक आणि चुकणारा माणूस यांत फरक केला पाहिजे. समुद्रफुलाला टाकीतून काढता येते, कारण टाकी आपली आहे. ख्रिस्तसभा आपली नाही, ती प्रभूची आहे. घरही केवळ आपले नसते. तिथे कुणाला कीड ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला विचारूया. आपल्या घरात, वाडीत, संस्थेत आपण कुणाला मनातल्या मनात कीड ठरवले आहे? त्याच्या वागण्याचे मूळ काय, हे आपण कधी विचारले का? आणि ते मूळ कुठल्या खडकाबरोबर, कुणाच्या हाताने घरात आले?

इंग्लंडहून परतल्यावर आम्ही त्या तरुणाला पत्र लिहून क्षमा मागितली. अजून उत्तर आलेले नाही. आपल्या प्रार्थनेत त्याची आणि आमची आठवण ठेवा.