बाटलीवरचा पत्ता

आपल्या देशाच्या नावावर जगात काय काय खपलं, ह्याचा कुणीतरी एकदा हिशेब मांडायला हवा. शाळेत आम्ही एकमेकांचं जे खोडरबर चोरायचो त्याला इंग्रज 'इंडिया रबर' म्हणायचा. रबराचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. ड्रॉइंगच्या मास्तरांच्या दौतीतली, शर्टावर सांडली की शर्टाबरोबरच जाणारी काळी शाई म्हणजे 'इंडियन इंक'. ती मुळात चिन्यांची. मक्याला अमेरिकेत 'इंडियन कॉर्न' म्हणत आले, ती कोलंबसाची कृपा. आणि 'बॉम्बे डक' हे बदक नव्हे, हे निदान बोंबलाला तरी पहिल्यापासून ठाऊक आहे.

ह्या पंगतीत आणखी एक पान मांडलेलं आहे, हे मला सॅन डिएगोला भाच्याकडे गेलो तेव्हा कळलं. भाच्यानं फ्रीजमधून एक डबा काढला आणि म्हणाला, "मामा, ही घ्या. आपल्या देशाची आहे." डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'इंडिया पेल एल'.

"म्हणजे आपल्याकडून येते?"

"छे हो! इथलीच. दोन मैलांवर करतात."

"मग सातू आपल्याकडचा?"

"नाही. आणि हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले."

"मग इंडिया कुठे आहे ह्यात?"

"ते नावात असतं, मामा."

मी मूळचा चहाचा माणूस. चहात साखर कमी पडली तर मी भांडू शकतो, पण बिअरच्या बाबतीत माझं मत कुणी विचारलेलं नाही. तरीही पाहुण्याचा धर्म म्हणून दोन घोट घेतले. लहानपणी आजी आम्हांला काडेचिराइताचा काढा पाजायची. त्यात कुणी पपनस पिळलं आणि देवदाराच्या खोक्यात रात्रभर मुरवलं तर जे होईल, ते. आजी निदान वर खडीसाखर ठेवायची. ही कडवट चव हॉप्सची. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. बिअरला कडूपणा, वास आणि टिकाऊपणा हीच देतात.

चव मी विसरलो असतो, पण नाव काही डोक्यातून जाईना. ज्या पेयात भारताचा कणही नाही त्याला भारताचं नाव लावणं हे खोटं बोलणं झालं की नाही? आणि झालं, तर कुणाशी? भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फार विचार करता." आमच्या घराण्यात हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला आहे.

आधी ह्या नावाची जन्मकथा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसन ह्या गृहस्थांची बिअरची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच ब्लॅकवॉलला लागायची. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा होती. हॉजसन त्यांना सढळ हातानं उधारी द्यायचा. धंद्याचं खरं रहस्य बहुधा हेच. वाण्याला जागा आणि उधारी ह्या दोन गोष्टी साधल्या की माल कसाही चालतो. पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चारसहा महिन्यांनी मुंबई-मद्रास-कलकत्त्याला उतरायची. त्या हेलकाव्यांत आणि उकाड्यात बिअर छान मुरायची म्हणे. हॉजसननं हे पेय खास प्रवासासाठी शोधून काढलं, बाकीची बिअर वाटेत नासायची, अशी गोष्ट सांगतात ती मात्र खरी नाही. फिकट एल आधीपासून होतीच, आणि काळीकुट्ट पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येऊन धडधाकट उतरत होती.

पुढे हॉजसनच्या वारसांना मस्ती चढली. भाव वाढवले, उधारी आवळली. तेव्हा १८२२ च्या सुमारास कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स ह्यांनी बर्टन गावच्या ऑलसॉपना गाठलं. ऑलसॉपचा रशियाकडे जाणारा माल जकातीमुळे अडला होता, तेव्हा त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. त्यांच्या माणसानं पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत शिजवला असं सांगतात. हे वाचल्यापासून ह्या पेयाबद्दल माझ्या मनात थोडी आपुलकी निर्माण झाली आहे. बर्टनचं पाणी जिप्समचं, त्यात हॉप्सची चव लखलखीत उतरते. ऑलसॉप, बास ही मंडळी ह्या पाण्यावर श्रीमंत झाली. आणि गंमत म्हणजे 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापलेले आजवर सापडले आहेत त्यांतला सर्वांत जुना उल्लेख १८२९ सालचा, सिडनीच्या एका वर्तमानपत्रातला. पेय इंग्लंडचं, नाव भारताचं, छापलं ऑस्ट्रेलियात!

म्हणजे 'इंडिया' हा मूळचा काय? गिऱ्हाइकाचा पत्ता. पार्सलावर गावाचं नाव घालतात, तसा. पार्सल पोचलं, गिऱ्हाईक १९४७ साली गाशा गुंडाळून घरी गेलं, पत्ता तेवढा बाटलीला चिकटून राहिला. इंग्लंडातल्या ग्रीन किंग कंपनीच्या आय.पी.ए.त कित्येक वर्षं मद्यार्क होता अवघा ३.६ टक्के. ती मुंबईपर्यंत काय, इंग्लिश खाडी ओलांडायलाही दमली असती. पण नाव? इंडिया!

मग ही वस्तू अमेरिकनांच्या हाती लागली. ऑरेगनमध्ये तयार झालेला 'कॅस्केड' जातीचा हॉप १९७२ साली बाजारात आला, आणि १९८० साली कॅलिफोर्नियात चिको गावी सिएरा नेवाडा कंपनीनं तो आपल्या पेल एलमध्ये मुक्त हस्तानं टाकला. पपनसाचा तो वास तिथून सुटला तो सुटलाच. १९९४ साली सॅन डिएगोच्या वर टेमेक्युला गावात विनी सिलुर्झो ह्यांनी हॉप्सचं प्रमाण आणखी भरमसाट वाढवून 'डबल आय.पी.ए.' काढली. का वाढवलं? तर भांडीकुंडी जुनी होती, काही बिघडलंच तर कडू चवीखाली झाकलं जावं म्हणून. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. खानावळीत भाजी लागली की तिखट वाढवतात तसलाच हा प्रकार. पण खानावळवाला ते सांगत नाही.

ह्या पश्चिम किनाऱ्याच्या पद्धतीला 'वेस्ट कोस्ट आय.पी.ए.' म्हणतात. स्वच्छ, पारदर्शक, कोरडी आणि कडू. (वेस्ट कोस्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रत्नागिरी, मालवण, फार तर गोवा येतो, पण तो भूगोल वेगळा.) भाचा हिचा कट्टर भक्त. भाचेसुनेचं शिक्षण बॉस्टनचं. तिची निष्ठा 'न्यू इंग्लंड आय.पी.ए.'वर. ही गढूळ. ओट आणि गहू घालून, हॉप्स शिजवायच्या वेळी कमी आणि मागाहून जास्त टाकून केलेली, त्यामुळे कडू कमी, आंब्या-मोसंबीचा वास जास्त. व्हरमाँट राज्यातल्या वॉटरबरी गावची 'हेडी टॉपर' ही ह्या पंथाची कुलदेवता. २०११ साली तिथल्या पुरात त्या लोकांचं मूळ पब बुडालं, आणि त्याच दिवसांत त्यांचा डबे भरायचा कारखाना सुरू झाला. डब्यावर हुकूम छापलेला असतो की डब्यातूनच प्या. भाचेसून विद्यार्थिदशेत तासन्‌तास गाडी हाकून तिथं जायची आणि रांगेत उभी राहायची. आमच्या पिढीत रांग रॉकेलसाठी लावत.

"ती बिअरच नाही," भाचा म्हणाला. "मोसंबीचा रस आहे."

"आणि तुझी म्हणजे फिनेल आहे. मामा, तुम्हीच सांगा."

नवराबायकोच्या भांडणात मामानं सांगू नये, एवढा व्यवहार मला कळतो. 'सांगतो' म्हणून मी ग्लासात पाहत बसलो. पाहता पाहता जाणवलं की 'न्यू इंग्लंड इंडिया पेल एल' ह्या नावात इंग्लंड आहे, इंडिया आहे, फक्त जिथं ती करतात ती अमेरिका नाही! त्यात हिला तिथल्या ब्रूअर्स असोसिएशननं स्वतंत्र प्रकार म्हणून २०१८ साली मान्यता दिली, आणि ती सॅन डिएगोतही गाळतात. वेस्ट कोस्टची लंडनमध्ये गाळतात. जागेचं नाव म्हणजे आता जागा राहिली नाही, पाककृती झाली. आपली कोल्हापुरी मिसळ नाही का ठाण्याला शिजत?

ह्याहून कडाक्याचं भांडण झालं ते काळ्या आय.पी.ए.वरून. जळका सातू घालून कुणी काळी आय.पी.ए. केली. व्हरमाँटवाले म्हणाले, आमच्याकडे पहिल्यांदा झाली. वायव्येकडचे ऑरेगन-वॉशिंग्टनवाले २०१० च्या सुमारास म्हणू लागले, हिला 'कॅस्केडियन डार्क एल' म्हणा. जी काळी आहे तिला 'पेल' म्हणजे फिकट कसं म्हणता? ह्यावर लेख झाले, परिसंवाद झाले. माणसं शब्दाच्या खरेपणासाठी इतकी हातघाईवर आलेली पाहून मला फार बरं वाटलं. पण 'ब्लॅक इंडिया पेल'मधल्या 'पेल'वर एवढं रण माजलं, 'इंडिया'बद्दल मात्र फारशी कुणाची झोप उडाली नाही.

परत आल्यावर हे सगळं कट्ट्यावर सांगितलं तेव्हा आमचे एक निवृत्त वकील उसळून म्हणाले, "रॉयल्टी मागा! शँपेनचं नाव फ्रेंच कुणाला लावू देतात का?" वकिलांचा मुद्दा बिनतोड असतो, म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो. हापूसचं घ्या. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला तर गिऱ्हाईक फसतं आणि देवगडचा बागाईतदार बुडतो. तिथं नाव म्हणजे कुणाची तरी चूल आहे. हापूस हे नाव आल्बुकर्क नामक पोर्तुगीज आफोन्सोवरून पडलं असं मानतात, पण म्हणून काही ती चूल खोटी होत नाही. उलटी तऱ्हा २०२५ सालची. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, पण कोल्हापूरचं नाव नाही. ओरड झाल्यावर मूळ कबूल केलं. तिथं वस्तू उचलली आणि नाव वगळलं, आय.पी.ए.त नाव उचललं आणि वस्तू आमची नव्हतीच. पहिल्यात चांभाराच्या हाताचं श्रेय जातं. दुसऱ्यात आमचं काय गेलं? सॅन डिएगोत 'इंडिया' नावाची बिअर खपली म्हणून पुण्यात कुणाची भट्टी विझली?

वकील म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्वाचा प्रश्न आहे हे मलाही मान्य; फक्त तो मला वेगळ्याच ठिकाणी बोचतो. त्या बाटलीवरच्या 'इंडिया'त आपण होतो कुठे? तो इंडिया म्हणजे इथं राहणारा साहेब. दुपारी पंखा ओढून घेणारा, बंगल्याच्या व्हरांड्यात पाय लांब करणारा. लंडनच्या वखारीत 'इंडियाला इतकी पिंपं' असं लिहायचे तेव्हा आपल्या एकाही पणजोबाचा घोट त्यात धरलेला नव्हता. आपली माणसं त्या गोष्टीत आहेत, पण कामाला. मुंबईच्या बंदरात ती पिंपं उतरवणारे हमाल होते. आणि साहेबाच्या घरी आबदार असायचा. बर्फ नसे तेव्हा पाण्यात सोरा विरघळवून तो त्यात बाटल्या फिरवत बसे आणि त्या बेताच्या गार करून देई. चारसहा महिने समुद्रात उकडून आलेल्या त्या पेयाला पिण्याजोगं करणारा हा शेवटचा कारागीर. बर्टनच्या पाण्यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. सोऱ्याच्या पाण्यात हात बधिर करून घेणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणी लिहिलं नाही. रॉयल्टी मागायचीच तर त्यानं मागावी. वकीलसाहेबांनी आणि मी नव्हे. आम्ही दोघंही व्हरांड्यातल्या बाजूचे.

आता बंगळूर-पुण्याकडेही मायक्रोब्रूअऱ्या झाल्या आहेत आणि तिथं आय.पी.ए. मिळते. दोनशे वर्षं उशिरा का होईना, नाव खरं होऊ लागलं आहे. आधी खोटं असलेलं नाव पुढे खरं झालं तर ते कधीपासून खरं मानायचं, हे मी वकिलांवर सोपवलं आहे. शिवाय त्यातली एक तर २००९ साली पुण्यात सुरू झाली ती 'डूलाली' ह्या नावानं! हा इंग्रजी शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असायचे, उकाडा, रिकामपण, दारू, आणि डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे नुसतं 'डूलाली' म्हणजेच खुळा. आपल्याकडून त्यांनी दोन नावं नेली, एक बिअरला लावलं, एक वेडाला.

माझी एक आत्या सत्तर वर्षं देवळालीला राहिली. देवळाली म्हणजे वेडा असं इंग्रजी शब्दकोशात छापलं आहे, हे मी तिला मुद्दाम जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, रागावेल.

तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "त्यांना महिने लागले होय रे कळायला? मला तर तुझ्या आतोबांना पाहून लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. बस, चहा टाकते."