सुटा रुग्ण खरोखर सुटा असतो का?

एखाद्या रोगाचा एकच रुग्ण आढळला की डॉक्टरी इंग्रजीत ‘आयसोलेटेड केस’ किंवा ‘स्पोरॅडिक केस’ म्हणतात. पण हे सुटेपण घटनेत असते की पाहणाऱ्याच्या माहितीत? माझ्या मते बहुधा माहितीतच. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीने थैमान घातले, तेव्हा दूर हॅम्पस्टेडला एक विधवा दगावली. तिच्या आसपास पटकीचा मागमूस नव्हता. साथीचा माग काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी तिच्या मुलाकडे चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला: सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी तिला आवडे, म्हणून गाडीतून रोज एक मोठी बाटली तिच्याकडे जाई. तेच पाणी प्यायलेली तिची भाची इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. रोग पाण्यातून पसरतो, याचा इतका बोलका पुरावा सोहोतल्या गर्दीतही सापडला नसता.

कोणी म्हणेल, काही रुग्ण खरेच सुटे असतात. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या दुर्मीळ आजाराचे बहुतेक रुग्ण ना संसर्गातून येतात, ना आनुवंशिकतेतून. हरकत रास्त आहे. अशा रुग्णाचा दुसऱ्या रुग्णाशी संबंध नसेलही; पण म्हणून तो अकारण ठरत नाही. प्रथिनाची घडी बिघडते, ती का, एवढेच उमगलेले नाही. बौद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो: कारणसामग्रीवाचून काहीच उपजत नाही. शिवाय ‘संबंध नाही’ हा शोधाअंती काढायचा निष्कर्ष आहे. रुग्ण कुठले पाणी प्यायला हे विचारण्याआधीच तो ‘सुटा’ म्हणून नोंदवहीत उतरला, तर पुढची बाटली कोणाच्या घरी पोचली हे कोणी विचारतच नाही.