लाल रेघ

सकाळी साडेनऊच्या पुढे घाटंजीच्या बसस्थानकावर थांबले, की यवतमाळच्या गाडीतून घाईघाईने उतरणारी मंडळी दिसतात. कुणी तहसीलचे, कुणी पंचायत समितीचे, कुणी शाळेचे. आपल्याकडे या सर्वांना एकच नाव आहे, अपडाऊनवाले. उशिराचा विषय निघाला की पहिले बोट यांच्याकडे जाते, आणि ते उगीच जाते असे नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि त्या बदल्यात वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. शनिवार सर्वांच्या लक्षात राहिला, पावणेदहा मात्र अनेकांच्या राहिले नाही. पारव्याहून एखादा शेतकरी मजुरी बुडवून कागदासाठी येतो. बाबू अकराला आला, तर त्या शेतकऱ्याचा अर्धा दिवस त्याने खाल्ला. आम्ही याला चोरीच म्हणतो.

पण आमचाही एक अनुभव सांगितला पाहिजे. आम्ही काही जण एका लहान संस्थेचा कारभार पाहत होतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. साफसफाईला येणाऱ्या मावशी खेड्यावरून येत. सीट भरल्याशिवाय ऑटो हलत नसे, मावशींना रोज पाव तास उशीर होई. शिस्तीच्या भरात आम्ही हजेरीपटावर लाल रेघ मारली आणि अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. पंधरा मिनिटांना अर्धा दिवस, हे कुठले त्रैराशिक? कारखान्यांसाठी १९३६ साली वेतनाचा कायदा झाला, त्यातही कामगार जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच वेळेची कपात करण्याची मुभा होती. आमची संस्था कारखाना नव्हती, एवढीच पळवाट.

मावशी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, मी पाव घंटा उशिरा आली तं तुमी रेघ मारली. माह्या पगाराले दोन महिने उशीर झाला, तिथं कोन रेघ मारन?"

आमच्यापैकी एकालाही उत्तर सुचले नाही. कामगाराच्या अंगावरचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची शिकवण आम्ही जलशांतून कितीदा ऐकवली असेल! ऐकवणारे आम्हीच, आणि थकवणारेही आम्हीच.

हा प्रश्न जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यातली रविवारची सुट्टी सर्वांना पाठ असते. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, हीही त्यातच होती. १९०६ च्या जानेवारीत नवी प्रमाणवेळ आली, मुंबईचे घड्याळ सुमारे ३९ मिनिटांनी पुढे सरकले आणि कामगारांनी विरोध केला. कालपर्यंत वेळेवर येणारा माणूस घरातून त्याच उजेडात निघूनही आज उशिरा ठरणार होता.

आणि शेतात? दिवाळीनंतर आपल्या तालुक्यात कापूस वेचायला बायका निघतात, मजुरी किलोवर. तिथे कुणी घड्याळ पाहत नाही. उलट दव असताना वेचलेला कापूस ओला. कापूस महामंडळाच्या खरेदीत बारा टक्क्यांवर ओलावा चालत नाही. तिथे थोडे उशिरा जाणेच शहाणपणाचे! अर्थात वेचणारीचा हिशेब किलोवर होतो म्हणून तिचे शोषण होत नाही, असे कुणी समजू नये. काटा कुणाच्या हाती असतो हे आपल्याला माहीत आहे.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले होते. १ जानेवारी २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. मजूर उशिरा आला, की मोबाइलला तत्काळ कळू लागले. मजुरी उशिरा आली, तर कुणाचा फोटो काढायचा?

याचा अर्थ उशीर माफ, असा नाही. अकराला येणाऱ्या बाबूला आमच्या मनात आजही माफी नाही. त्याचा पगार वेळेवर होतो आणि त्याच्यासाठी ताटकळणारा माणूस त्याच्याहून गरीब असतो. मावशींची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या पाव तासाने फार तर एक वर्ग उशिरा झाडला गेला. आमच्या दोन महिन्यांनी त्यांना किराणा दुकानदारापुढे मान खाली घालायला लावली.

पुढच्या बैठकीत कापलेली मजुरी परत दिली. हजेरीपटात येण्याच्या वेळेशेजारी 'पगार दिल्याची तारीख' असा एक रकाना आखावा, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. खजिनदार हसले. मग पट्टी मागवून त्यांनीच तो आखला, पेन्सिलीने.