सोडणें आणि सुटणें

मराठींत 'सोडणें' आणि 'सुटणें' हीं दोन क्रियापदें इतकीं जवळचीं आहेत कीं, बोलतांना एकाच्या जागीं दुसरें आपण सहज घालतों. नीतिविचारांत मात्र त्यांच्यामध्यें फार मोठें अंतर आहे. ज्यानें तंबाखू सोडली त्याचें आपण कौतुक करतों. ज्याची तंबाखू सुटली त्याचें कौतुक करण्याचें खरें पाहतां कांहीं कारण नाहीं. पहिल्यानें कांहीं केलें. दुसऱ्याला कांहीं झालें. तरीही समाज दोघांच्या पाठीवर सारखीच थाप मारतो, आणि दुसरा मनुष्य ती मुकाट्यानें घेतो. अशी एक थाप कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याही पाठीवर पडली. ती घेण्याचा मला अधिकार होता काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सुटलेली वस्तु तशी क्षुल्लक आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेम. माझा जन्म कसबा बावड्याचा. कोल्हापूर शहराच्या उत्तरेस पंचगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव आतां शहरांतच मोडतें. पण त्याचें गांवपण अद्यापि गेलेलें नाहीं. याच बावड्यांतील लक्ष्मीविलास राजवाड्यांत १८७४ सालीं राजर्षि शाहू महाराजांचा जन्म झाला. ज्या राजानें मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचें कुस्तीचें मैदान उभारलें, त्याच्या जन्मगांवच्या पोरानें तालीम आणि नदी टाकून एका अंधाऱ्या खोलींत यंत्रापुढें उभें राहावें, हें माझ्या वडिलांच्या पिढीला रुचणारें नव्हतें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत तशी एक खोली आमच्या वाटेवर निघाली, आणि रुपयाच्या नाण्यास एक डाव या दरानें मीं तेथें माझें बाळपण खर्चिलें. पुढें टेलिव्हिजनला जोडावयाचें यंत्र घरीं आलें. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांच्या कॅसेटी मी व माझा धाकटा भाऊ आळीपाळीनें घालीत असूं. त्यानंतर संगणक आला, आणि अखेर हातांतला फोन. साधनें बदललीं, खेळ चालूच राहिला. अशीं पंचवीस वर्षें गेलीं.

हें व्यसन होतें काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत अशा खेळांपायीं जडणाऱ्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे. खेळण्यावरचा ताबा जाणें, आयुष्यांतील इतर गोष्टींहून खेळ वरचढ होणें, आणि नुकसान दिसत असूनही खेळणें चालूच राहणें, हीं त्याचीं लक्षणें. आणि तीं सामान्यतः निदान वर्षभर टिकलेलीं असावीं लागतात. त्या मापानें मी रोगी नव्हतों. नोकरी केली, देणीं फेडलीं, घरच्यांशीं नीट वागलों. मी फक्त रोज संध्याकाळीं, आणि पुष्कळदां रात्रीं, खेळत असें. आणि त्यांत मला निर्भेळ आनंद होई. तो आनंद खोटा होता असें आज म्हणणें सोयीचें आहे, पण तें खरें होणार नाहीं. भावाच्या खांद्याला खांदा लावून ज्या रात्रीं मीं 'कॉन्ट्रा'चा शेवटचा टप्पा ओलांडला, त्या रात्रींचा आम्हां दोघांचा हर्ष अजून माझ्या स्मरणांत आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाहीं.

लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. वडील निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळीं राजाराम बंधाऱ्यापर्यंत फिरावयास जात. निघतांना ते माझ्या दाराशीं थांबत आणि विचारीत, 'येतोस काय?' मी मान वर न करतां म्हणें, 'एवढा डाव झाला कीं आलोंच.' ते थोडा वेळ थांबत. मग त्यांच्या वहाणांची करकर दूर जाई. वर्षांतून दोन-चार वेळां मी खरोखरच गेलों असेन. या खेळांत कोणताही डाव पुढच्या डावाच्या दारांतच संपतो, हें तेव्हां माझ्या लक्षांत आलें नाहीं. पुढें वडील वारले. त्यानंतरही सुमारें वर्षभर मी खेळत होतों, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नाहीं तर दुःखानें माझे डोळे उघडले असा वाचकांचा समज होईल. तसें कांहीं झालें नाहीं. एके रात्रीं, डाव ऐन रंगांत असतां, यापुढें काय होतें याची आपल्याला मुळींच उत्सुकता उरलेली नाहीं, असें माझ्या ध्यानीं आलें. मीं फोन पालथा ठेवला आणि निजलों. दुसऱ्या दिवशीं खेळ उघडावासा वाटला नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. महिन्याभरानें आईनें शेजारणीला सांगितलें, 'सोडलं बाई त्यानं एकदाचं!' मीं तें ऐकलें आणि गप्प राहिलों.

वासना कशी जाते याचा विचार आपल्या परंपरेंत पुष्कळ झाला आहे. महाभारतांतील ययातीनें मुलाचें तारुण्य उसनें घेऊन हजार वर्षें विषय भोगले, आणि भोगानें वासना शमत नाहीं, हें त्याला शेवटीं कळलें. कोल्हापुरांत राहून वि. स. खांडेकरांनीं याच कथेवर लिहिलेली 'ययाति' ही कादंबरी १९५९ सालीं निघाली, तेव्हांपासून तर हा राजा आमच्या गांवचाच झाला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील विचार याहूनही सूक्ष्म आहे. विषय दूर ठेवल्यानें ते दूर होतात, पण त्यांची गोडी मागें राहते. ती गोडी त्यांहून श्रेष्ठ असें कांहीं दिसल्यावरच जाते. या दोन्ही मतांपुढें माझा अनुभव ठेविला म्हणजे मी अडचणींत पडतों. माझी वासना भोगानेंच शमली. आणि माझी गोडी गेली तेव्हां श्रेष्ठ असें कांहीं मला दिसलेलें नव्हतें. आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणून एक शब्द आहे. चिता विझण्यापूर्वींच तें विझतें. माझें वैराग्य तेंही नव्हे, कारण तें टिकलें. मला वाटतें, तें मुळीं वैराग्यच नव्हतें. पोट भरल्यावर पानावरून उठणाऱ्याला कोणी उपवासी म्हणत नाहीं. पण त्याला पुढच्या वेळीं भूक तरी लागते. मला ती लागेना.

या स्थितीचें वर्णन जॉन स्टुअर्ट मिलच्या आत्मचरित्रांत आहे. तें त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ सालीं, प्रसिद्ध झालें. १८२६ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःला विचारलें कीं, ज्या सुधारणांसाठीं आपण झटत आहों त्या सर्व या क्षणीं घडून आल्या तर आपण सुखी होऊं काय? मनानें स्पष्ट उत्तर दिलें, 'नाहीं'; आणि त्याचा सर्व रस आटला. संगीताचे सूर मोजके, तेव्हां त्यांच्या नव्या जुळण्याही एक दिवस संपतील, ही चिंताही त्याला त्या काळांत जाळीत होती! पुढें वर्ड्स्वर्थच्या कवितेनें त्याला आधार दिला. या दुखण्यांतून त्यानें काढलेला निष्कर्ष असा कीं, सुखाकडे टक लावून बसणाऱ्याला तें मिळत नाहीं. ज्याची दृष्टि दुसऱ्या कशावर तरी आहे त्याला तें वाटेंत भेटतें. मिलचें दुःख थोर होतें, माझें क्षुद्र. पण दुखण्याची जात एकच.

मीं मात्र मिलच्या सांगण्याच्या अगदीं उलट केलें. नव्या करमणुकीचा पाठलाग सुरू केला. बासरी आणली; तीन दिवसांत फुंकरीखेरीज कांहीं ऐकूं आलें नाहीं, ती ठेवून दिली. बुद्धिबळ मांडलें; समोरचा मनुष्य फार वेळ विचार करी, तें मला सोसेना. पहांटे उठून तालमींत गेलों. आठवडाभर अंग दुखण्यापलीकडे फळ दिसेना. प्रत्येक वेळीं मी म्हणें, 'यांत राम नाहीं.'

राम नव्हता तो माझ्यांत, हें समजावयास वेळ लागला. हे खेळ रचणारे एक गोष्ट फार बारकाईनें साधतात. अडचण खेळणाऱ्याच्या कुवतीहून किंचित् अधिक असावी, पण फार अधिक असूं नये. आणि ती ओलांडतांच बक्षीस हातावर पडावें. शिंप्यानें अंगाचें माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखें तें जग असतें. पंचवीस वर्षें तो सदरा घातल्यावर दुसरें कोणतेंही वस्त्र टोंचूं लागतें. खेळाची माझी गोडी गेली होती. पण प्रत्येक घटकेनें आपलें वेतन ताबडतोब मोजून द्यावें, ही खेळानें लावलेली संवय गेली नव्हती. वस्तु सुटली होती. वृत्ति सुटली नव्हती. आणि वृत्ति आपोआप सुटत नसते. ती सोडावी लागते. माझ्या बाबतींत 'सोडणें' या क्रियापदाला कोठें जागा असेल तर ती येथें आहे.

ती सोडण्याचा आरंभ मीं केला असेंही म्हणवत नाहीं. तो पंचगंगेनें करविला. राजाराम बंधारा हा कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला कीं अशा बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे घालून पाणी अडवितात, आणि पुढच्या पावसापूर्वीं ते काढून घेतात. जोराचा पाऊस झाला कीं बंधारा पाण्याखालीं जातो. तेथें नदीची पातळी मोजतात: ३९ फुटांस इशारा, ४३ फुटांस धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि पुन्हां २०२१ च्या जुलैमध्यें नदीनें ही दुसरी रेषा कितीतरी मागें टाकली. पावसाळ्यांत 'पाणी बघायला जाणें' ही कोल्हापूरकरांची जुनी रीत आहे. वडिलांची वाट म्हणून मीही एका संध्याकाळीं गेलों. लोक छत्र्या धरून उभे होते आणि किती फूट झालें याची चर्चा करीत होते. खेळांत पडद्याच्या कोपऱ्यांतला आकडा माझा असे. मी हात हालविला कीं तो हाले. येथला आकडा माझा नव्हता. मी पाहिल्यानें पाणी चढत नव्हतें आणि न पाहिल्यानें उतरत नव्हतें. ज्यांच्या घरांत तें शिरतें त्यांना हा देखावा नव्हे, हेंही मनांत होतें. मी घरीं परतलों तेव्हां सव्वा तास झाला होता, आणि त्या सव्वा तासांत मीं कशाचीही मजुरी मागितली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यांत मी पोहावयास शिकूं लागलों. नदीकांठीं जन्मून चाळिशीपर्यंत पोहतां न येणें हें ज्या खोलीचा मीं वर उल्लेख केला तिचेंच देणें. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेंत मी उतरलों, तेव्हां पोरें हंसलीं. तेथें रोज येणारे एक वृद्ध गृहस्थ मला हात मारावयास शिकवीत. माझी झटापट पाहून ते एकदां म्हणाले, 'आरं लेका, पाण्याशी कशाला भांडतोस? ते काय तुझ्यासाठी थांबल्यालं न्हाई.' पंचवीस वर्षें मी ज्या जगांत वावरलों तें खरोखरच माझ्यासाठीं थांबत असे! त्या उन्हाळ्यांत मला धड पोहतां आलें नाहीं. पण पोहतां येत नसूनही रोज जावेंसें वाटे, आणि असें मला पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें.

येथें कोणी म्हणेल, 'मग झालें काय? एका करमणुकीच्या जागीं दुसरी आली. यांत नीति कोठें आहे?' आक्षेप रास्त आहे. नदींत पोहणारा मनुष्य फोनवर खेळणाऱ्याहून आपोआप चांगला ठरत नाहीं. तालमींतही मत्सर असतो, आणि फुटबॉलच्या मैदानावरही भांडणें होतात. माझें म्हणणें एवढेंच कीं, करमणुकीची योग्यता ती कोणत्या वस्तूंत आहे यावरून ठरवूं नये. ती मनुष्याला केवळ मागणारा बनविते, कीं समोरच्याकडे पाहावयास शिकविते, यावरून ठरवावी. या कसोटीला खेळही उतरूं शकतो. भावाबरोबरच्या त्या जुन्या रात्रीं माझें लक्ष त्याच्या चेहऱ्याकडेही असे; म्हणूनच त्यांची गोडी आजही गेलेली नाहीं. गेली ती पुढच्या, एकट्यानें घालविलेल्या रात्रींची.

मग तीं वर्षें फुकट गेलीं काय? आमच्या भागांत गुऱ्हाळ सुरू असलें म्हणजे घाण्यांतून निघालेलें चिपाड कोणी टाकून देत नाहीं. तें वाळवून काहिलीखालच्या चुलवाणांत घालतात. उंसाचा रस त्याच उंसाच्या चिपाडावर आटतो, आणि त्याचा गूळ होतो. गेलेल्या गोडीचा उपयोग असलाच तर असा असावा.

माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे आणि फोनवर खेळतो. घरचीं माणसें मला म्हणतात, 'तूं सोडलास ना? मग त्याला सांग.' मी सांगत नाहीं. त्यानेंच एकदां विचारलें, 'काका, तुम्ही कसा सोडलात?' मीं म्हटलें, 'सोडला नाहीं रे. सुटला.' त्याला तें उत्तर टाळाटाळीचें वाटलें असावें. हल्लीं संध्याकाळीं बंधाऱ्याकडे निघतांना मी त्याच्या दाराशीं थांबतों आणि विचारतों, 'येतोस काय?' तो मान वर न करतां म्हणतो, 'एवढा डाव झाला कीं आलोंच.' मग मी आंत जाऊन त्याच्याजवळ बसतों आणि डाव पाहतों. कोठें अडलें आहे तें मला चटकन् कळतें. कधीं कधीं सांगतोंही. एक डाव संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीं पडदा क्षणभर थांबतो. तो क्षण मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांना तो ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्या क्षणीं मी उठतों. कांहीं दिवस तो माझ्याबरोबर येतो. कांहीं दिवस येत नाहीं.